किडेमास्तर

कोल्हापुरात ज्याला वस्ताद नाही असा विषय सापडणं अवघड. कुस्तीचे वस्ताद तर आहेतच. पण पांढऱ्या रश्श्याचे आहेत, म्हशीच्या शिंगांचे आहेत, पेठापेठांच्या फुटबॉलचे आहेत, आणि राधानगरी धरणाचा कितवा स्वयंचलित दरवाजा पहाटे किती वाजता उघडला हे धरणावरच्या माणसाच्या आधी सांगणारे तर गल्लीगणिक आहेत. या शेवटच्या जातीत एक पोटजात आहे. नदीला पाणी किती याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पाण्याखालच्या दगडाला कोण चिकटलंय, एवढंच तिला हवं असतं. ही माणसं बहुधा निवृत्त शिक्षक असतात, बहुधा विज्ञान शिकवलेली असतात, आणि त्यांच्या पँटचे पाय कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेले असतात, लग्नातसुद्धा. लोक त्यांना किडेमास्तर म्हणतात. आमच्या पेठेत जे आहेत त्यांचं खरं नाव इथे सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. पेठेतही ते कोणाला आठवत नाही.

जुलै लागला की सगळं कोल्हापूर फुटांत बोलायला लागतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर इंचाइंचावर वाद होतात. कट्ट्यावर असा वाद रंगात आला असताना मास्तर मात्र कंटाळून बसलेले असतात. एकदा मध्येच ते उसासा टाकून म्हणाले, "सगळी पोरं वाहून गेली असणार. जाऊ दे. दिवाळीपर्यंत नवी येतील." कट्ट्यावर एक परगावचे पाहुणे होते. त्यांच्या हातातला चहा सांडला आणि ते आपत्ती व्यवस्थापनाचा नंबर विचारायला लागले. 'पोरं' म्हणजे मे-माशीची, चतुराची आणि टाचणीची पाण्यात वाढणारी पिल्लं, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत पाणी आणखी दोन इंच चढलं.

पण मास्तरांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पुराच्या लोंढ्यात नदीचा तळच खरवडून निघतो. दगड गडगडतात, वाळू जागा बदलते, तळाशी राहणारा जीव वाहून जातो. त्यानंतर लगेच नदीत उतरून किडे शोधले तर हाती काही लागत नाही, आणि त्यावरून पाणी खराब ठरवणं हा अन्याय होतो. म्हणून पाऊस थांबून पाणी निवळेपर्यंत मास्तरांची शाळा बंद असते.

शाळाच म्हणायची, कारण मास्तरांच्या स्कूटरच्या डिकीत शाळेचा एक जुना हजेरीपट असतो. मुलांच्या नावांच्या रकान्यात किड्यांची घराणी, पुढे तारखा. घराणं सापडलं तर 'ह', नाही सापडलं तर 'गै'. किती सापडले हे मास्तर लिहीत नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं, "मास्तर, संख्या नको का?"

"संख्येचं काय लोणचं घालायचंय?" मास्तर म्हणाले. "गटारात तांबड्या अळ्या हजारांनी असतात की. कोण आलंय ते सगळेच बघतात. कोण आलं न्हाई, ते बघायचं असतं."

सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. तळाशी राहणाऱ्या या बिनकण्याच्या जीवांना पळून जाता येत नाही. मासा पाणी बिघडलं की वर सरकतो, बरं झालं की परततो. दगडाला चिकटलेलं पिल्लू तिथेच महिनोन्महिने राहतं आणि जे येईल ते सोसतं किंवा मरतं. त्यातही सोसण्याची ताकद घराण्याघराण्याची वेगळी. ज्यांना भरपूर प्राणवायू लागतो ते आधी जातात, ज्यांचं थोडक्यात भागतं ते मागे राहतात. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८-०९ मध्ये, कोणत्या वनस्पती आणि कोणते प्राणी किती घाणीत तग धरतात याच्या याद्या छापल्या. साधारण त्याच काळात इकडे शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण मनावर घेतलं होतं. मास्तर ही दोन्ही कामं एका दमात सांगतात आणि दोन्हींचा थोडा अभिमान स्वतःकडे ठेवतात.

त्यांना नदीत उतरलेलं एकदा तरी बघावं. आम्ही गगनबावड्याच्या वाटेवर कुंभीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर गेलो होतो. डिकीतून सामान निघालं: लोखंडी चौकटीला शिवलेली नायलॉनची जाळी, दवाखान्यात असतो तसा पांढरा ट्रे, रंगाचा बारीक ब्रश, प्लॅस्टिकचा चमचा, भिंग आणि मास्तरीणबाईंची पिठाची चाळण. जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, आपण वरच्या अंगाला उभं राहायचं आणि पायानं तळाचे दगड ढवळायचे. बरोबर तीन मिनिटं. तळातून सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात साठी उलटलेला गृहस्थ हातात काठी धरून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, पाण्यात एकाच जागी थयथय नाचत असतो.

वरच्या बाजूला म्हैस धुणारा एक जण बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "चप्पल घावली का ओ मास्तर?"

"चप्पल न्हाई, प्लेकॉप्टेरा शोधतोय."

"आमच्या मेव्हण्याचं पण असंच गेलं बघा," तो हळहळून म्हणाला. "नवंच हुतं."

जाळी ट्रेमध्ये उलटी केली. दोन मिनिटं नुसता पालापाचोळा दिसला. मग पांढऱ्यावर काहीतरी हललं, आणि मग सगळा ट्रेच हलायला लागला. तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची झालर असलेली मे-माशीची पोरं. वाळूचे कण रेशमानं चिकटवून केलेल्या नळीत राहणारी, घरासकट चालणारी कॅडिसची अळी. आणि एका कोपऱ्यात दोन शेपट्यांचा, पिवळट, चपटा, ऐटबाज प्राणी: स्टोनफ्लाय, म्हणजेच तो प्लेकॉप्टेरा, मास्तरांच्या भाषेत दगडमाशी. वाहत्या पाण्यातून तिला ट्रेच्या उथळ, थांबलेल्या पाण्यात आणली तेव्हा ती क्षणभर स्तब्ध राहिली. मग तिनं पाय रोवले आणि अंग खाली-वर करायला लागली. एकसारखं, लयीत.

"बघा, बघा! जोर काढायला लागली!" मास्तर ओरडले. म्हैसवालाही पाण्यातून चालत आला.

तिचे कल्ले पायांच्या मुळाशी असतात. पाणी थांबलं की प्राणवायू कमी पडतो. मग अंग हलवून ती कल्ल्यांवरून पाणी फिरवते. मास्तरांचा दावा असा की सगळ्या सृष्टीत तालमीत दाखल करून घेण्यासारखा हा एकच किडा आहे. तिला लगेच पाण्यात सोडलं आणि हजेरीपटावर तिच्यापुढे लाल शाईनं 'ह' मांडला. लाल शाई फक्त दहा मार्कांच्या घराण्यांना.

हे मार्क मास्तरांच्या पदरचे नाहीत. ब्रिटनमध्ये १९७६ साली यासाठी एक कार्यगट बसला आणि त्यानं घराण्यांना एक ते दहा गुण वाटले. मोठ्या दगडमाशीला १०. चतुरांच्या बऱ्याच घराण्यांना ८. टाचणीच्या नेहमीच्या घराण्याला ६. जळवा आणि गोगलगायींच्या नेहमीच्या घराण्यांना ३. तांबड्या अळ्यांच्या, म्हणजे कायरोनोमिड डासकुळीच्या घराण्याला २, आणि गाळात डोकं खुपसून शेपूट हलवणाऱ्या गांडूळवर्गीयांना १. हजर घराण्यांच्या गुणांची बेरीज करायची, तिला घराण्यांच्या संख्येनं भागायचं. सरासरी सहाच्या वर गेली तर पाणी चांगलं, चारच्या खाली आली तर नदी नापास. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही अशी जैविक मोजपट्टी आहे. तिच्यात स्वच्छ पाण्याला निळा रंग मिळतो आणि सगळ्यात वाईट पाण्याला लाल.

इथपर्यंत ठीक होतं. पण आयुष्यभर मार्क दिलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर नवा तक्ता लागला, की तो नदीवर थांबत नाही. मास्तरांनी माणसांना मार्क द्यायला सुरुवात केली. निवडणुकीत प्रत्येक वेळी नव्या पक्षाच्या गाडीत दिसणाऱ्या एका कार्यकर्त्याकडे बघून ते म्हणाले, "दोन. ह्याच्या अंगात हिमोग्लोबिन जास्त आहे. कुठल्याही गाळात श्वास घेतो." (तांबडी अळी तांबडी असते ती याच हिमोग्लोबिनमुळे. पाण्यात प्राणवायू नावालाच उरला तरी ती तो धरून ठेवते.) हे त्यांनी सांगितलं ते मिसळ खाताना, कटात पावाचा तुकडा बुडवत. समोरच्या दोघांनी बशा पुढे सरकवल्या.

पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही तेच. मुलगा उत्तम, निर्व्यसनी, तत्त्वाचा. मास्तर घरी येऊन म्हणाले, "पोरगा दहाचा आहे. म्हणूनच नको. जरा पाणी गढूळ झालं की हा टिकायचा न्हाई. संसाराला पाच-सहाचा बघा." माझे मार्क मी विचारायला नको होते. "तुम्ही चार," मास्तर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. तसे तुम्ही मे-माशीतच मोडता. पण तिच्यात एक घराणं आहे, बीटिडे म्हणून. नाव मोठ्या कुळाचं, पण कसंही चालवून घेतं."

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. चतुराचं पिल्लू श्वास कुठून घेतं हा त्यांचा आवडता प्रश्न आहे, आणि उत्तर ऐकल्यावर जिलेबी जात नाही. (गुदद्वारातून. तिथूनच पाण्याची पिचकारी मारून ते पुढेही सटकतं.)

मास्तरांचं एक जुनं दुखणं आहे: खेकडा. ब्रिटिश तक्त्यात खेकडा नाही, कारण त्यांच्या नद्यांत तो मूळचा नाही. "कोल्हापूरच्या नदीला मार्क द्यायचे, आणि वर्गात खेकडाच न्हाई?" कोणीतरी त्यांना सांगितलं की दक्षिण आफ्रिकेनं स्वतःचा तक्ता केला आहे आणि त्यात खेकडा आहे. मास्तर दोन दिवस आनंदात होते. मग कळलं की तिथे गुण पंधरापर्यंत जातात आणि खेकड्याला मिळालेत तीन. तेव्हापासून त्यांनी आफ्रिकेचा विषय काढलेला नाही.

विनोद बाजूला ठेवला तर मुद्दा खरा आहे. थंड देशातला तक्ता गरम पाण्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो, आणि एकाच घराण्यातल्या इथल्या जाती तिथल्या जातींपेक्षा वेगळ्या. म्हणून मास्तर नदीची तुलना थेम्सशी करत नाहीत, तिच्याच वरच्या अंगाशी करतात. घाटातले ओढे हा त्यांचा पहिला बाक. तिथून खाली भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकत्र येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते (पाचवी सरस्वती, ती गुप्त, तिची हजेरी मास्तर घेत नाहीत). मग शहर, जयंती नाला, राजाराम बंधारा, शिरोली, इचलकरंजी, आणि शेवटी नरसोबाच्या वाडीला कृष्णा. हजेरीपट या क्रमानं चाळला की लाल शाई पहिल्या पानांवरच संपते. शहराच्या अलीकडे कुठेकुठे टाचण्या आणि चतुर तग धरून असतात. नाल्याच्या तोंडाशी गाळ चाळला की चाळणीत फक्त एक तांबडी वळवळ उरते. ते पान मास्तर पटकन उलटतात.

एक गोष्ट ते आवाज खाली आणून सांगतात, कारण कोल्हापुरात ती मोठ्यानं बोलण्यासारखी नाही. दगडमाशी नाही म्हणजे घाण आहे, असं दर वेळी नसतं. सबंध महाराष्ट्रात ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, त्याचे बरगे घातले की मागे पाणी थांबतं. उसाला त्याची गरज आहे, ते कोणी नाकारत नाही. पण खळाळत्या पाण्यातलं पोरगं थांबलेल्या पाण्यात राहत नाही, ते पाणी पिण्याइतकं चांगलं असलं तरी. त्यामुळे बंधाऱ्यामागच्या डोहाची तुलना डोहाशीच करायची, खळाळाची खळाळाशी. शिवाय नदी आजारी आहे एवढं किडा सांगतो. कोणी पाडली ते सांगत नाही. सांडपाणी, कापडाचा रंग, शेतातलं कीटकनाशक, यातलं कुठलं, हे ठरवायला प्रयोगशाळाच लागते. ही मर्यादा मास्तर स्वतःहून सांगतात. वस्तादांच्या गावात एवढा गुण दुर्मीळ.

उन्हाळ्यात कधीतरी बंधाऱ्याखाली मासे मरून तरंगतात. मग काठावर गर्दी होते. निम्मे फोटो काढतात, निम्मे पिशव्या भरतात. थोड्या वेळानं बाटलीत पाण्याचा नमुना घेतला जातो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते: नमुने तपासणीसाठी पाठवले. अशा गर्दीत मास्तर एकटेच पाठमोरे, वाकून दगड उलटताना दिसतात.

"मास्तर, मासे इकडं आहेत!" कोणीतरी ओरडतं.

"मेलेलं तुम्ही मोजा. मी जिवंत काय राहिलंय ते बघतो."

बाटलीवर त्यांचा राग नाही, पण तिच्यावर सगळं सोडायला ते तयार नाहीत. रात्री कोणी काही सोडलं तर सकाळी ते चार गावं पुढे गेलेलं असतं. बाटलीत सकाळचं पाणी येतं. दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारची बाटली चांगलं बोलते. पहाटेची, त्याच जागेची, वेगळं बोलते. दगडाखालचं पोरगं मात्र त्या रात्रीही तिथेच होतं आणि त्या पहाटेही.

यावर मास्तरांचं एक ठरलेलं भाषण आहे. ते त्यांनी एका संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर केलं. समोर म्हैस, खाली बादली, भोवती फेसाळ पेले धरलेली मंडळी. मास्तर म्हणाले, "इथं का येता ओ तुम्ही? पिशवीतलं दूध मिळत न्हाई काय? तिच्यावर सगळं छापलेलं असतंय की. तरी डोळ्यांदेखत पिळलेलं पाहिजे. बरोबर हाय. मग नदीचा तेवढा कागद वाचून कसं भागतंय तुमचं? चला की, चाळण आहे माझ्याकडं." कट्ट्यावर सन्नाटा झाला. मग एक तरुण पैलवान मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, "मास्तर, विषय हार्ड आहे. पण आत्ताच दूध प्यालोय. त्या अळ्यांचं उद्या सांगा." दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, सोबत तालमीतली चार पोरं घेऊन. जोर काढणारा किडा बघायचा होता. बघितला, आणि त्याच्यासमोर ओढ्याकाठी पाचही जणांनी जोर काढले. मास्तरांनी हजेरीपटाच्या मागच्या पानावर पाचही नावं लिहून घेतली.

घरी हा सगळा कारभार मास्तरीणबाई सोसतात. दहा मार्कांची बाई, मास्तर म्हणतात. तक्त्याच्या हिशेबानं पाहिलं तर या घरात टिकली म्हणजे दोनच मिळायला हवेत, पण हे मी त्यांना बोललो नाही. ओळख न पटलेले किडे मास्तर स्पिरिट घातलेल्या बाटल्यांत ठेवतात, आणि बाटल्या ठेवायला घरात एकच गार, अंधारी जागा आहे: लोणच्याची फळी. स्पिरिट वरचेवर आणतात म्हणून पेठेत बातमी झाली की मास्तर हल्ली घ्यायला लागले. मास्तरीणबाईंनी ती जागच्या जागी खोडून काढली. "घेत न्हाईत. किड्यांस्नी पाजतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी सांगून दमलो बघा. पाहुण्यांना बरणी काढायची म्हटलं तर आधी भिंग घ्यावं लागतंय."

ज्यांना मास्तरांबरोबर जायचं असेल त्यांनी पाणी निवळल्यावर, दिवाळीनंतर कोणत्याही रविवारी सकाळी जावं. आधी घाटातला ओढा बघावा, मग शहराखालचा गाळ. उलट क्रमानं गेलं तर जेवण जात नाही. उचललेला दगड होता तसा, होता तिथे ठेवावा, त्याच्याखाली कोणाचं तरी घर असतं. शहराखालच्या पाण्यात रबरी बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय उतरू नये, आणि परतल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मिसळीला बसू नये. आणि चाळण आपापल्या घरून आणावी. मास्तरीणबाईंनी आता द्यायची बंद केली आहे.